पांगलेल्या गावाचा सप्ताह

खारआळीच्या सप्ताहाला चौऱ्याऐंशी पहारे लागतात. दिवसाचे बारा, दोन-दोन तासांचे, असे सात दिवस. प्रत्येक पहाऱ्याला एक वीणेकरी. पहिल्या दिवशी वीणा एकदा गळ्यात पडली की काल्याच्या कीर्तनापर्यंत ती खाली ठेवायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात गेली पाहिजे, आणि ज्याच्या गळ्यात ती आहे त्यानं उभं राहून नाम घेत राहिलं पाहिजे. नियम एवढाच. मंडप, पंगती, लायटिंग हे सगळं मागाहून आलेलं.

पंढरी केण्यांनी फाल्गुनातच फोन लावायला घेतले. डोंबिवलीच्या फ्लॅटच्या गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, मांडीवर वही, कानाला फोन.

"रामकृष्ण हरी, दौलत. तुझा शुक्रवारी दुपारी बाराचा लावलाय."

"रामकृष्ण हरी, पंढरीदादा. बघतो ना. माउलीच्या मनात असलं म्हणजे झालं."

पंढरीकाकांनी दौलतच्या नावापुढे बरोबरची खूण केली.

आत सगुणाकाकू वाल सोलत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्यानं हो कवा म्हटलं?"

"नाय म्हटला का?"

"तसा तर कोणीच नाय म्हणत नाय."

"मग झालं तर."

देवाच्या कामाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, ही आळीची जुनी रीत. नाही म्हणणारा माणूस पंढरीकाकांनी अख्ख्या जन्मात पाहिला नव्हता. पूर्वी त्यानं काही बिघडतही नसे. एखादा 'बघतो' म्हणून घरात पडून राहिला, तर पहाऱ्याच्या वेळी तिघं जण त्याच्या दारात जाऊन उभे राहायचे, आणि तो लेंग्याची नाडी बांधत, शिव्या गिळत देवळाकडे चालू लागायचा. दार वीस पावलांवर होतं. आता दौलतचं दार डोंबिवलीला दुसऱ्या टोकाला होतं, संदेशचं बदलापूरला, सूरजचं दिव्याला. खारआळी तुटली त्याला सहा वर्षं झाली होती. कळव्याच्या खाडीकडची ती बैठी घरं बिल्डरनं घेतली, प्रत्येकाला भाडं दिलं आणि तीन वर्षांत नव्या फ्लॅटच्या चाव्या देतो म्हणाला. लोक जिथं भाडं परवडलं तिथं गेले. मुलांच्या शाळा तिकडच्या झाल्या, सुनांच्या भिश्या तिकडच्या झाल्या. बाराव्या मजल्यापर्यंत चढलेली इमारत तशीच थांबली. तिच्या पायथ्याशी पत्र्याच्या कुंपणात फक्त विठोबाचं देऊळ राहिलं, कारण देवाला भाड्याच्या घरात हलवायला कोणी तयार झालं नाही.

म्हणून पंढरीकाकांना हा सप्ताह धरून ठेवायचा होता. वर्षाचे तीनशे अठ्ठावन्न दिवस गाव कुठंच नव्हतं. सात दिवस असायचं. आणि या सात दिवसांत जो तो कधी ना कधी दोन तास उभा राहून दुसऱ्याच्या येण्याची वाट बघायचा. गाव म्हणजे याहून निराळं काय असतं, असं ते म्हणत. गेल्या वर्षी वीणा जेमतेम पेलली होती. विश्वस्तांनी तेव्हाच सांगितलं होतं, काका, हे शेवटचं बघू. पहारे भरले तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षीपासून एक दिवसाचं कीर्तन करू. पंढरीकाकांनी वही भरत आणली. चौऱ्याऐंशी नावं, चौऱ्याऐंशी खुणा.

चैत्रातल्या रविवारी वीणा उभी राहिली. काका-काकू सात दिवसांसाठी देवळामागच्या खोलीत राहायला आले. रात्रीचे पहारे चांगले भरले. तरुण मुलं कामावरून सुटून यायची, चहाची किटली मध्ये ठेवून टाळ कुटायची. संध्याकाळी सहाच्या कीर्तनाला तर दीडशे माणूस जमत होतं. मोकळी पडत होती ती दुपार. कामाच्या दिवशी दुपारी बारा ते चार या वेळात कळव्याला येणं कोणालाच जमणारं नव्हतं, आणि हे चौऱ्याऐंशी खुणांमध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं.

सोमवारी दुपारी काका स्वतः उभे राहिले. मंगळवारीही. बुधवारी मुलगा नयन बायकोला घेऊन आला, तेव्हा काकांच्या पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या.

"पप्पा, एक छोटा डबा मिळतो," सून ऋतिका म्हणाली. "नाम चालू राहतं त्यात आपोआप. दुपारच्या वेळी तो लावून ठेवायचा. माझ्या आईकडे आहे."

"त्याच्या गळ्यात वीणा कशी घालशील गो?"

ऋतिका हसली. काकाही हसले. नयन म्हणाला, "मी शुक्रवारी दोनला येतोय ना. माझा पहारा आहे. लिहिलंय ना तुम्ही?"

"लिहिलंय."

"मग टेन्शन नका घेऊ."

गुरुवारी कीर्तनाला आनंदाबुवा उभे राहिले. बुवा कोपरीचे. आवाज खरखरीत, पण एकदा पखवाज लागला की त्या खरखरीतच गोडी यायची. बुवांनी कीर्तनाआधी काकांचे सुजलेले पाय बघितले होते. निरूपणाला आले आणि बोलता बोलता एका मुठीतल्या लाह्या त्यांनी गालिच्यावर सोडल्या.

"हे मी काय केलं माउली?" त्यांनी पुढच्या रांगेतल्या मुलांना विचारलं.

"सांडलं," एक जण म्हणाला. मंडप हसला.

"सांडलं. बरोबर. नको असताना हातातनं गेलं म्हणून सांडलं. हेच जर काल्याला केलं असतं तर उधळलं म्हणाला असतास. शेतात केलं असतं तर पेरलं. कोंबड्यांपुढं केलं असतं तर टाकलं. तुझ्या आयशीच्या गळ्यातली पोत तुटली असती तर मणी विखुरले असते. गुरं असती तर पांगली असती. बघा, हाताचं काम एकच. मूठ उघडली. मग आपल्या बायाबापड्यांनी इतके निरनिराळे शब्द कशाला ठेवले?" बुवांनी चिपळ्या थांबवल्या. "पेरलं तिथं माती वाट बघत असते. उधळलं तिथं खाली शंभर हात असतात. विखुरले मणी तर आई गुडघ्यावर बसून शोधते. गुरं पांगली तर गुराखी हाका मारत हिंडतो. पलीकडं कोणीतरी आहे, म्हणून हे शब्द आहेत. आणि पलीकडं कोणीच नसलं, तर?"

बुवांनी टाळकऱ्यांना खूण केली आणि गजर सुरू केला, आणि काकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, कारण त्यांना वाटलं की हे आपल्या आळीबद्दल आहे, आणि आपल्या आळीला पलीकडं कोणीतरी आहे. मी आहे, असं त्यांना वाटलं.

शुक्रवारी सकाळी आठचा पहारा काकांचाच होता. दहाला संदेश यायचा होता. सव्वादहाला त्याचा मेसेज आला, काका मीटिंग लागली, सॉरी, आणि खाली जोडलेले हात. काका उभेच राहिले. सगुणाकाकू खांबाला टेकून टाळ वाजवत बसल्या. देवळात तिसरं कोणी नव्हतं. मंडपाचा पत्रा तापून वरून ऊन गळत असल्यासारखं झालं होतं. थांबलेल्या इमारतीच्या सावलीत साइटचा वॉचमन खाटेवर आडवा पडला होता.

बारा वाजले. दौलत आला नाही. सव्वाबाराला काकूंनी फोन लावला आणि काकांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर ठेवला.

"वयनी, मी निघतच होतो बघा," दौलत म्हणाला. "पण नातवाची बस साडेबाराला येते. सून कामावर. पोराला घेऊन वर सोडतो, त्याला खायला घालतो नि निघतो."

"मग कवा पोचशील रं?"

"दोन तरी होतीलच."

"तुझा पहारा बाराचा हाय, दौलत."

"हाय ना. पण मी बघतोच म्हटलेलो वयनी. विचारा दादाला."

काकूंनी फोन बंद केला. काकांनी नाम थांबवलं नाही, पण त्यांचा चेहरा बदलला होता, आणि काकूंना ते लगेच कळलं. चाळीस वर्षं मिठागरात शेजारी शेजारी मीठ ओढलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

"काय झालं?"

काकांनी डोळ्यांनी मंडपाबाहेर खूण केली. साइटचा संडास कुंपणापलीकडे होता. सकाळी सात वाजल्यापासून ते गेले नव्हते. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या गोळ्यांनी तर आणखीच जावं लागायचं.

"थोडं दम धरा. नयनला लावते."

नयननं फोन उचलला नाही. तो एमआयडीसीत केमिकलच्या युनिटात होता. आत जाताना फोन बाहेर ठेवावा लागतो. दहा मिनिटांनी त्यानंच केला. शिफ्ट बदलली होती, कोणीतरी आलं नव्हतं, सुपरवायझर सोडत नव्हता. "आई, पप्पांना सांग ना, मी पाचपर्यंत नक्की."

साडेबारा. काकांच्या कपाळावरचा बुक्का घामानं नाकापर्यंत उतरला होता. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते, आणि तोंडातलं नाम आता शब्दाशब्दाला तुटत होतं.

सगुणाकाकूंनी टाळ खाली ठेवले. उठल्या, पदर खोचला, समोर येऊन उभ्या राहिल्या. दोन्ही हात पुढे केले.

"द्या."

काकांनी मान हलवली.

"द्या मी म्हणते. गळ्यात माळ हाय माझ्या. तुमच्या आदी घातलीय मी."

"सगुणे, ह्या देवळात नाय गो. माझ्या बाबांनी घालून दिलेलं हाय."

"बाबा बघायला आलेत का?"

दोन वर्षांपूर्वी हाच विषय विश्वस्तांच्या बैठकीत निघाला होता. बायकांनीच काढला होता. दुपारचे पहारे आम्हाला द्या, आम्ही पाळीपाळीनं येऊ, आठ-दहा जणी आहोत. आळंदीच्या वाटेवर बायका वीणा घेतात, मग इथं काय, असं सगुणाकाकूच म्हणाल्या होत्या, सगळ्यांसमोर. आणि त्यांच्याच नवऱ्यानं, सगळ्यांसमोर, तिथलं तिथं, आमच्याकडे ती रीत नाही, असं म्हणून विषय मिटवला होता. त्यानंतर त्या आठ-दहा जणी दुपारी यायच्या बंद झाल्या. कोणी भांडलं नाही.

"द्या," काकू तिसऱ्यांदा म्हणाल्या.

काकांनी तिच्या पुढे केलेल्या हातांकडे बघितलं. त्यांनी वीणेचा पट्टा गळ्यातून काढला. क्षणभर वीणा दोघांच्या मधे होती. मग ते वळले, विठोबाच्या पायाशी पोथीचा रिकामा पाट होता त्यावर वीणा ठेवली, तिला हात जोडले आणि मंडपातून जवळजवळ धावत बाहेर गेले.

परत आले तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. देवळात आवाज नव्हता. इतकी वर्षं सप्ताहात तिथं कुठला ना कुठला आवाज असायचाच, त्यामुळे आत पाऊल टाकताना त्यांना आपण चुकीच्या ठिकाणी आलो असं वाटलं. सगुणाकाकू जिथं उभ्या होत्या तिथंच उभ्या होत्या. हात आता खाली होते. त्यांनी वीणेला हात लावला नव्हता.

काकांनी वीणा उचलली, गळ्यात घातली, आणि नाम पुन्हा सुरू केलं.

"पाटाला दिलीत," काकू म्हणाल्या. "मला नाय दिलीत."

मग त्या खोलीत गेल्या. दौलत अडीचला आला, पाया पडून वीणा घेतली, उशीर झाला म्हणून कान धरले.

सहा वाजेपर्यंत काका खोलीच्या पायरीवर बसून राहिले. त्यांना काशिनाथची आठवण येत होती. सत्तर-बहात्तर साल असेल. पहाटेच्या पहाऱ्याला काशिनाथचा डोळा लागला आणि वीणा खांबाला टेकली. टेकली फक्त. सकाळी आळीला कळलं. महिनाभर काशिनाथशी कोणी बोललं नाही; मिठागरात त्याच्या शेजारचा वाफा कोणी घेईना. त्यानं सात दिवस उपास केला, आळीनं त्याला पुन्हा पहिल्यापासून सप्ताह उभा करायला लावला, आणि तो काल्याला आला तेव्हा म्हातारे त्याच्या गळ्यात पडून रडले. पुढं त्याच्या लेकीच्या लग्नात अख्ख्या आळीनं वाढप केलं. काकांना हे सगळं आपल्यावर यावं असं वाटत होतं. महिनाभर कोणी बोलू नये. पुन्हा पहिल्यापासून उभं करायला लावावं.

आनंदाबुवा आले तेव्हा काकांनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं. बुवांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

"माउली, विठोबा घड्याळ लावून बसत नाही. मनाला लावून घेऊ नका."

"गावाला सांगायला पाहिजे बुवा."

"सांगा. सांगितल्यावर हलकं वाटेल."

कीर्तनाला दीडशेच्या वर माणूस होतं. शुक्रवार असल्यानं उद्याची सुट्टी धरून बदलापूरचेही आले होते. मुलं पुढं, बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. काकांनी माइक घेतला. त्यांनी शब्द ठरवून ठेवले होते, ते सगळे विसरले.

"आज दुपारी वीणा खाली ठेवली," ते म्हणाले. "मी ठेवली. अकरा मिनिटं. सप्ताह मोडला. माझ्याकडून मोडला."

मागच्या रांगेत कोणाचा तरी फोन वाजला आणि बंद झाला.

"काका, तब्येत बरी आहे ना तुमची?" सूरज उभा राहून म्हणाला.

"तब्येतीचं नाय रे. वीणा ठेवली म्हणतोय मी."

"अहो मग काय झालं? बसा तुम्ही आधी. पाणी द्या रे काकांना."

"अकरा मिनिटं काय काका," संदेश म्हणाला, "आमच्या ऑफिसात सर्व्हर ह्याच्या डबल वेळ पडलेला असतो." लोक हसले. वाईट हसले नाहीत; प्रेमानं हसले, घरातला म्हातारा काहीतरी बोलला की हसतात तसे. कोणीतरी टाळी वाजवली. सूरज आणखी म्हणाला, "खरं म्हणजे तुम्ही नसतं सांगितलं तर कोणाला कळलंही नसतं. ह्या वयात केवढं करता तुम्ही. पुढच्या वर्षी आपण सोपं करू. एकच दिवस, रविवार. डोंबिवलीत हॉल बघू, पार्किंगवाला. सगळ्यांना बरं पडेल."

"बरोबर आहे," चार-पाच जण म्हणाले. दौलतही म्हणाला.

काकांनी एकेक चेहरा बघितला. रागाची एक रेघ ते शोधत होते. एवढ्या माणसांत कुठंतरी एखादी भुवई वर जाईल, एखादा म्हातारा उठून म्हणेल, पंढऱ्या, हे काय केलंस. सगळे चेहरे मऊ होते, त्यांची काळजी करणारे. बुवांनी चिपळ्या उचलल्या. गजर सुरू झाला आणि छान रंगला.

डावीकडे बायकांत सगुणाकाकू बसल्या होत्या. त्या टाळ वाजवत नव्हत्या. त्या सरळ काकांकडे बघत होत्या, आणि तो राग इतका स्वच्छ होता की काकांनी आधी नजर काढून घेतली, आणि मग पुन्हा तिकडे बघायचं त्यांचं धाडस झालं नाही. दीडशे माणसांत वीणा खाली ठेवल्याचा राग एकटीला आला होता.

शनिवारचे पहारे सुट्टीमुळे भरले. दुपारी तर तिघं तिघं उभे होते, फोटो काढत होते. रविवारी काल्याचं कीर्तन झालं, दहीहंडी फुटली, लाह्या उधळल्या, मुलांनी कपडे दह्यात माखून घेतले. वीणा रीतीप्रमाणे उतरवली गेली. पंगतीत गोड बुंदी होती, ती चांगली झाली होती. दोन वाजेपर्यंत लोकांनी प्रसादाचे डबे भरून घेतले, घरी राहिलेल्यांसाठी, आणि गाड्या कुंपणाच्या फाटकातून एकेक बाहेर पडू लागल्या. जाताना प्रत्येक जण काकांच्या पाया पडला. प्रत्येकाने तब्येतीला जपा म्हणून सांगितलं.

नयननं गाडी देवळासमोर आणली. काका पिशवी घेऊन बसले. सगुणाकाकू आल्या त्या हातात आपली वेगळी पिशवी घेऊन.

"मी कोपरीला जाते. लक्ष्मीकडे." लक्ष्मी म्हणजे त्यांची धाकटी बहीण.

"आता? गाडीत सोडतो ना आई," नयन म्हणाला.

"रिक्षा सांगितलीय मी."

काकांनी काच खाली केली. "कवा येशील?"

काकूंनी जरा विचार केला, जणू खरंच दिवस मोजत होत्या.

"तुमाला लागेल तेवा बोलवा," त्या म्हणाल्या. "पण कशाला ते सांगून बोलवा."

रिक्षा आली. त्या बसल्या, पिशवी मांडीवर घेतली. रिक्षा फाटकातून उजवीकडे वळली. नयननं गाडी सुरू केली आणि विचारलं, "पप्पा, मागची सीट रिकामी आहे. डोंबिवलीला जाणारं कोणी राहिलंय का बघा ना, सोडू आपण."

काका उतरून मंडपात गेले. मंडपवाले बांबू सोडत होते. त्यातल्या एकानं विचारलं, कोणाला शोधताय. काका परत येऊन गाडीत बसले.

"निघ," ते म्हणाले. "कोणी नाय."